छिंग घराण्याच्या काळातल्या चीनच्या आधुनिकीकरणावर लिहिताय? या चुका टाळा

एम.ए.च्या प्रबंधांचा गठ्ठा दरवर्षी फेब्रुवारीत माझ्या टेबलावर येतो आणि त्यातले दोन-तीन तरी हमखास १८६१ ते १८९५ च्या चीनवर असतात. शस्त्रागारं, गोद्या, आरमार, खाणी, तारायंत्र. ‘स्वबलवर्धन चळवळ’ या नावानं आपण जे शिकवतो, ते सगळं. विषय फार मोलाचा आहे, म्हणून त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. १८९५ मध्ये चीन जपानकडून हरला हे मुलांना आधीच ठाऊक असतं, म्हणून मागची पस्तीस वर्षं ती फक्त हरण्याची कारणं वेचायला वाचतात.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे संगमरवरी नौका. ‘महाराणी त्सिशीनं आरमाराच्या पैशातून उन्हाळी राजवाड्यात संगमरवरी नौका बांधली, म्हणून चीन जपानकडून हरला.’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता पानावर दुरूनही ओळखू येतं.

सहा वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालच्या एका विद्यार्थिनीनं एक अख्खं प्रकरण या नौकेवर उभं केलं होतं. मुलगी कष्टाळू आणि अक्षर देखणं, पण प्रबंध द्यायची मुदत जवळ आलेली, म्हणून तयार नोट्स आणि मोबाईलवरचे व्हिडिओ यांवर भिस्त. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटत विचारलं, “ही नौका बांधली कधी?” ती म्हणाली, “१८९३.” “मग १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैनिकांनी जाळलं ते काय होतं?” खोलीत शांतता. पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून सही माझी होती. ते प्रकरण मी वाचलं होतं आणि तारखेपाशी मीही थांबले नव्हते.

खरी गोष्ट अशी. नौकेचा दगडी भाग १७५५ चा, छियानलोंग बादशहाच्या काळातला. वरचा लाकडी भाग १८६० मध्ये जळाला. १८९३ मध्ये तो पुन्हा उभारला तोही लाकडाचाच, संगमरवरासारखा रंगवलेला, बाजूला आगबोटीसारखी चाकं लावून. नौदलाच्या नावावरचा पैसा राजवाड्याच्या दुरुस्तीकडे वळला हे खरंच आहे, ते लिहा. मात्र किती वळला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एका नौकेवर सगळ्या पराभवाचं खापर फोडलं की लिहिणाऱ्याचा शोध तिथंच संपतो. मग १८९१ मध्ये महसूल खात्यानं परदेशी तोफा आणि यंत्रं घेणं दोन वर्षं थांबवलं, हे कुणी बघतच नाही. माझ्या मते आरमाराला जास्त नडलं ते हे.

त्या परीक्षेनंतर मला एक सवय लागली. प्रत्येक जहाजासाठी, प्रत्येक कारखान्यासाठी मी वहीत तीन तारखा लिहिते: मागणी कधी दिली, माल कधी पोहोचला, पहिल्यांदा कामाला कधी आला. ही काही अभ्यासपद्धती नव्हे, पण अर्ध्या चुका इथंच पकडल्या जातात. डिंगयुआन आणि झेनयुआन या दोन चिलखती युद्धनौका घ्या. जर्मनीत श्टेटिनला बांधलेल्या, सात हजार टनांच्या वर, प्रत्येकीवर ३०५ मिलिमीटरच्या चार तोफा. डिंगयुआनचं जलावतरण १८८१ चं, आणि चीनला दोघी पोहोचल्या १८८५ मध्ये. मधल्या काळात फ्रान्सशी युद्ध पेटलं आणि जर्मनीनं त्या अडवून धरल्या. २३ ऑगस्ट १८८४ ला फुझौच्या नदीत फ्रेंचांनी तासाभरात तिथल्या ताफ्याचा चुराडा केला, तेव्हा त्या तिथं का नव्हत्या, हे दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं. १७ सप्टेंबर १८९४ ला यालूच्या लढाईत त्यांना चीनमध्ये येऊन नऊ वर्षं झाली होती. समोर जपानचं योशिनो एकच वर्षापूर्वी ताफ्यात आलेलं, झटपट मारा करणाऱ्या तोफांचं. तरी शेकडो तडाखे खाऊन दोन्ही चिनी जहाजं तरंगत राहिली. झेनयुआनच्या एका गोळ्यानं जपानी निशाणनौका मात्सुशिमावर साठवलेला दारूगोळा पेटला. ‘चिनी जहाजं कुचकामी होती’ असं लिहिणाऱ्यानं यापुढे मात्सुशिमाचं काय झालं तेही लिहावं.

दुसरी चूक माणसांना दोन डब्यांत कोंबण्याची: इकडे सुधारक, तिकडे सनातनी. १८७६ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांनी परवानगी न घेता शांघाय ते वुसोंग रेल्वे टाकली. चिनी सरकारनं ती २,८५,००० ताएल चांदी मोजून विकत घेतली आणि १८७७ मध्ये उखडली. मुलं लगेच लिहितात: अंधश्रद्धा. पण उखडायचा निर्णय घेणारा प्रांताधिकारी शेन बाओझेन. फुझौची गोदी ज्यानं वर्षानुवर्षं चालवली, वाफेची जहाजं बांधून घेतली, तोच हा माणूस! त्याला रेल्वे नको होती असं नाही, आपल्या जमिनीवर परक्यानं न विचारता टाकलेली रेल्वे नको होती. इथं बोरीबंदर-ठाण्याशी तुलना करायचा मोह आपल्याकडे सगळ्यांना होतो. जरूर करा, पण १८५३ मध्ये आपल्याला कुणी विचारलं होतं का, हाही प्रश्न त्यात येऊ द्या.

हानयांगच्या पोलाद कारखान्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण घाईचं इतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही, आणि त्यावर घाईनंच लिहिलं जातं. झांग झिदोंग या प्रांताधिकाऱ्यानं यंत्रं इंग्लंडमधून मागवली तेव्हा तो ग्वांगझौला होता. १८८९ मध्ये त्याची बदली हुबेईला झाली आणि कारखानाही त्याच्यामागे गेला. जागा निवडली ती वुचांगमधल्या आपल्या कचेरीतून लक्ष ठेवता येईल अशी, नदीपलीकडची. जमीन पाणथळ, भराव घालण्यातच बराच पैसा गेला. पोलादासाठी बेसेमर कन्व्हर्टर (वितळलेल्या लोखंडाचं पोलाद करणाऱ्या भट्ट्या) आले ते आम्लधर्मी अस्तराचे, आणि दाये खाणीच्या लोहखनिजात फॉस्फरस होता. आम्लधर्मी अस्तर फॉस्फरस काढू शकत नाही. त्याला चुन्याचं, अल्कधर्मी अस्तर लागतं, आणि ती रीत इंग्लंडमध्ये दहा वर्षं आधीच निघाली होती. फॉस्फरस उरलेलं पोलाद ठिसूळ असतं. असे रूळ थंडीत तडकतात. भट्टीत जाळायच्या कोकचीही (भाजलेल्या दगडी कोळशाचीही) मारामार होती. पिंगशियांगची कोळशाची खाण हाताशी येईपर्यंत तो लांबून, महागात आणावा लागे.

‘अधिकाऱ्याला काही कळत नव्हतं’ एवढं लिहून मुलं इथं पूर्णविराम देतात. पुढचं वाचत नाहीत. १८९६ मध्ये कारखाना शेंग शुआनहुआय या अधिकारी-उद्योजकाकडे गेला. १९०४ मध्ये कारखान्यातला ली वेइगे खनिजाचे आणि पोलादाचे नमुने घेऊन युरोपला गेला, तपासणीत दोष सापडला, आणि काही वर्षांत अल्कधर्मी अस्तराच्या भट्ट्या बसवून चांगले रूळ निघू लागले. म्हणजे बिघाड होता तो नमुने तपासून सापडण्यासारखा आणि दुरुस्तही होण्यासारखा. ‘चिनी मानसिकता’ वगैरे मोठे शब्द वापरायच्या आधी भट्टीचं अस्तर तपासा, असं मी वर्गात सांगते आणि तसंच मानते.

आता उरलेल्या चुका भराभर.

गोष्ट १८६१ पासून सुरू करू नका. त्याआधी अफूचं युद्ध आहे, ताइपिंगचं बंड आहे. मुंबईच्या मुलांनी तर हे विसरूच नये. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह झाला, ते वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं होतं.

‘चिनी आरमार’ असं एकवचनी लिहू नका. बेइयांग, नानयांग, फुजियान, ग्वांगदोंग असे चार ताफे होते. १८९४ मध्ये लढला तो मुख्यतः ली होंगझांग या बड्या अधिकाऱ्याचा बेइयांग.

‘चिनी विद्या पायाला, पाश्चात्त्य विद्या वापराला’ हे सूत्र प्रसिद्ध झालं ते झांग झिदोंगमुळे, १८९८ मध्ये, पराभवानंतर. १८६१ च्या माणसांच्या तोंडी ते घोषणेसारखं घालू नका.

अमेरिकेला शिकायला पाठवलेली १२० मुलं १८८१ मध्ये परत बोलावली, हे सगळे लिहितात. त्यांतल्याच झान तियानयोउनं पुढे, १९०५ ते १९०९ मध्ये, बीजिंग-झांगजियाकौ रेल्वे बांधली, हेही लिहा.

जियांगनान शस्त्रागारात (१८६५, शांघाय) फक्त बंदुका झाल्या नाहीत. १८६८ पासून तिथं भाषांतराचं खातं होतं, पाश्चात्त्य विज्ञानाचे ग्रंथ चिनीत आणणारं.

नावांची एकच पद्धत धरा. ली होंगझांग आणि ली हुंगचांग ही एका प्रबंधात मला दोन माणसं म्हणून भेटली आहेत. मी पहिल्या दिवशीच वहीच्या मागच्या पानावर जुनी-नवी रूपं जोडीनं लिहून ठेवते.

आणि ताएल. ते नाणं नाही, चांदीचं वजन आहे, त्यापुढे रुपयाचं चिन्ह घालू नका. शिमोनोसेकीच्या तहात (१७ एप्रिल १८९५) खंडणी ठरली २० कोटी ताएल, आणि नंतर जपानला दिलेलं लिआओदोंग द्वीपकल्प परत मिळवायला आणखी ३ कोटी. सरकारी ताएल सुमारे ३७ ग्रॅमचा. नुसत्या २० कोटींची चांदी साधारण साडेसात हजार टन भरते. हा गुणाकार प्रत्येकानं एकदा स्वतः कागदावर करावा.