'नॉटकनेक्ट' म्हणजे न वापरलेला पोर्ट नव्हे

नेटवर्किंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक काम होतं: स्विचवरचे (उपकरणं केबलने एका नेटवर्कमध्ये जोडणारी पेटी) न वापरलेले सगळे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, ॲक्सेस मोडमध्ये (एकाच व्हीलॅनसाठी) टाकून व्हीलॅन ९९९ मध्ये (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) हलवा आणि बंद करा. रास्तच आहे. स्विचचे पोर्ट मुळात चालू आणि व्हीलॅन १ मध्ये असतात, कोणीही केबल खोचावी आणि आत शिरावं.

मी पोर्टची स्थिती दाखवणारी 'शो इंटरफेसेस स्टेटस' ही कमांड देऊन पाहिलं आणि जिथे 'नॉटकनेक्ट' (जोडणी नाही) दिसलं ते सगळे पोर्ट 'इंटरफेस रेंज' (अनेक पोर्ट एकदम निवडणारी कमांड) लावून एका झटक्यात बंद केले. पुढे राउटर कॉन्फिगर केला, त्याचा इंटरफेस (पोर्ट) चालू करायला 'नो शटडाउन' दिलं, तरी पिंग (जोडणी तपासायचा संदेश) जाईना. दहा मिनिटं आयपी पत्ता आणि सबनेट मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कोणता ते सांगणारा आकडा) हेच तपासत बसलो. वेळ भराभर चालला होता.

शेवटी पुन्हा स्टेटस पाहिलं. स्विचच्या जी०/१ या पोर्टसमोर 'डिसेबल्ड' (बंद केलेला). राउटरची केबल तिथेच होती! सिस्को राउटरचे इंटरफेस मुळात बंद असतात, म्हणून समोरचा पोर्ट आधी रिकामा वाटला होता. त्या पोर्टला 'नो शटडाउन' दिलं, मोड ट्रंक (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणारा) केला आणि पिंग लागलं.

आता आधी नेटवर्कच्या आकृतीवरून लागणारे पोर्ट कागदावर उतरवतो. बंद करायचं काम सगळ्यात शेवटी, सगळे पिंग लागल्यावरच.