सोरॉरिटीत जाताय? तुमच्याबरोबर नव्या मुली किती, ते आधी विचारा

अमेरिकेत पदवीसाठी येणाऱ्या मराठी मुली सोरॉरिटीबद्दल, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या सदस्य-मंडळाबद्दल, हमखास दोन गोष्टी विचारतात: पैसे किती जातात आणि घरी काय सांगायचं? पैशांचा आकडा प्रत्येक चॅप्टरचा (सोरॉरिटीच्या त्या-त्या कॉलेजातल्या शाखेचा) वेगळा असतो, तो लेखी मागून घ्या. घरचं तुमचं तुम्ही बघा! मी मात्र तिसराच प्रश्न विचारायला सांगते: यंदा नव्या मुली किती घेणार?

नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही १९०२ सालची संस्था, तिच्यात पंचविसेक सोरॉरिटी आहेत. त्यांच्या रिक्रूटमेंटमध्ये, म्हणजे नव्या मुलींच्या निवडीत, एका चॅप्टरने किती मुली घ्यायच्या याचा कोटा कॅम्पसवर ठरतो. अलाबामासारख्या विद्यापीठात दोन हजारांवर मुली उतरतात, त्यामुळे एकेका चॅप्टरची नवी तुकडी शंभराच्या पुढे जाते. उलट कॅपा फाय गॅमासारख्या, १९९८ साली ऑस्टिनला सुरू झालेल्या दक्षिण आशियाई सोरॉरिटींत नव्या मुली बऱ्याचदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात.

माझी तुकडी सत्तरच्या आसपास होती. सगळ्यांची एकमेकींशी ओळख व्हायची तर सत्तर जणींत जोड्या होतात २,४१५. सहा जणींत फक्त १५. बिड डेला, म्हणजे सोरॉरिटीत घेतल्याचं कळतं त्या दिवशी, सगळ्यांच्या अंगात एकच टी-शर्ट, गळ्यात गळे, ढीगभर फोटो. आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कोणाशेजारी बसायचं हा पेच. मोठ्या तुकडीत आधीपासून ओळखी असलेल्या, एकाच शाळेतल्या मुली लगेच कोंडाळं करतात. आपल्यासारखी बाहेरून आलेली मुलगी वाईट वागणुकीमुळे नाही, तर कोणाच्या लक्षातच न आल्यामुळे बाजूला राहते. माझी गाडी रुळावर आली ती कार्यक्रमांमुळे नव्हे. निधी जमवायच्या समितीत आम्ही पाच जणी होतो. पॅनकेकचं पीठ कालवणं, रात्री तवे घासणं आणि उरलेले पॅनकेक कोणी न्यायचे यावरची भांडणं यातून ओळख झाली. तेव्हा मोठ्या चॅप्टरमध्ये पहिल्याच आठवड्यात एखादं कंटाळवाणं, दर आठवड्याचं काम अंगावर घ्या. ‘बिग’, म्हणजे तुम्हाला सांभाळून घेणारी जुनी सदस्य, निवडतानाही सगळ्यांत लोकप्रिय मुलीच्या मागे लागू नका; तुमच्याच इमारतीत राहणारी बघा.

लहान तुकडी म्हणजे आपोआप जिव्हाळा, असं मात्र समजू नका. माझी रूममेट एका देसी सोरॉरिटीत सहा जणींच्या तुकडीतून आत गेली. लायब्ररीत सक्तीचा अभ्यास, रोज तेच टेबल. मध्येच दोघींचं बिनसलं, आणि उरलेल्या चौघींना रोज बाजू घ्यावी लागली. सत्तर जणींत दोघींचं पटलं नाही तर कोणाला पत्ताही लागत नाही. पण माझ्या रूममेटला फ्लू झाला तेव्हा वरणभात घेऊन येणारीही त्यांच्यातलीच, आणि ती एकमेकींशी बोलत नसलेल्या त्या दोघींपैकी एक होती.

लहान गटांत ‘एकत्र सोसलं की नातं घट्ट होतं’ या नावाखाली जागरणं, अपमान, गुपितं खपवली जातात. ते हेझिंग. बहुतेक राज्यांत तो गुन्हा आहे. तिथून सरळ उठा.

रिक्रूटमेंटमध्ये अंगावर येणारी गर्दी नको असेल तर काही चॅप्टर जागा उरल्यास नंतरही, बिनगाजावाजा मुली घेतात. पॅनहेलेनिक ऑफिसला ‘कंटिन्युअस ओपन बिडिंग’ कुठे चालू आहे एवढंच विचारा. तिथे तुकडी लहान मिळते आणि चॅप्टर मोठा. लाजऱ्या मुलींना मी हाच रस्ता सुचवते, फक्त सोबत आणखी दोघी-तिघी तरी येताहेत ना याची खात्री करून घ्या.