घरच्या प्रार्थनेसाठी शास्त्रातून बोध कसा तयार करावा

कौटुंबिक प्रार्थनेत, महिला मंडळात किंवा संडे स्कूलमध्ये दहा मिनिटे बोलण्याची पाळी आली की बहुतेकांची तयारी उलट्या टोकाने सुरू होते. आठवड्यात घडलेला एखादा प्रसंग मनात असतो, त्याचे तात्पर्यही ठरलेले असते, आणि मग त्याला शोभेल अशी बायबलमधली ओवी, म्हणजे वचन, शोधली जाते. असा बोध ऐकायला बरा वाटतो, पण त्यात शास्त्राने आपल्याला काहीच सांगितलेले नसते. आपण आपलेच मत शास्त्राच्या तोंडून वदवून घेतलेले असते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी उतारा, मग प्रसंग, आणि तात्पर्य सर्वांत शेवटी.

उतारा म्हणजे एक सुटी ओवी नव्हे. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील १३ वी ओवी, सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मला सर्व काही शक्य आहे या आशयाची, कॅलेंडरवर छापलेली असते आणि परीक्षेला निघालेल्या मुलांना आवर्जून ऐकवली जाते. तिच्या आधीच्या दोन ओव्या वाचल्या तर ध्यानात येते की हे पत्र लिहिणारा, बंदिवासात असलेला पौल, पोट भरलेले असो वा उपाशी, दोन्ही स्थितींत राहण्यास आपण शिकलो आहोत, असे सांगत आहे. तेथे यशाची हमी नाही. नापास झालेल्या मुलालाही ती ओवी तेवढीच लागू पडते, किंबहुना त्याला ती अधिक हवी असते.

उतारा निवडला की हे कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे आणि कोणत्या अवस्थेत बोलत आहे, हे प्रथम वहीत लिहावे. ईयोबाच्या पुस्तकाचे उदाहरण सोलापूरकरांना जवळचे वाटेल, कारण सातव्या अध्यायाच्या सहाव्या ओवीत, सर्वस्व गमावून आजारी पडलेला ईयोब म्हणतो की त्याचे दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने जात आहेत आणि आशेवाचून सरत आहेत. शहराच्या पूर्व भागात ज्याने जुन्या यंत्रमागाशेजारी उभे राहून पाहिले आहे, त्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. धोटा ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे जाताना डोळ्याला धडपणे दिसतही नाही, केवळ खटखट ऐकू येते, आणि त्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो. ईयोबाच्या काळचा माग हाताचा होता, तरी उपमेतला वेग तोच आहे.

येथेच घाई होते. ‘आयुष्य क्षणभंगुर आहे, म्हणून वेळेचा सदुपयोग करा’ असा बोध तोंडाशी आलेला असतो. परंतु ईयोब वेळेच्या नियोजनाविषयी बोलत नाही. त्याच अध्यायाच्या आरंभी तो सांगतो की रात्र सरत नाही, पहाटेपर्यंत कूस बदलत राहावे लागते. दिवस धावतात आणि रात्री मात्र खिळून राहतात, ही आजारी माणसाची तक्रार आहे, आणि सातव्या ओवीपासून ती थेट देवापुढे मांडलेली आहे. उलट, त्याचे मित्र सुबक व धार्मिक वाक्ये बोलतात. आणि ४२ व्या अध्यायात देव म्हणतो की ते माझ्याविषयी ईयोबाप्रमाणे यथार्थ बोलले नाहीत. त्या मित्रांनी केलेली एक गोष्ट मात्र खरोखर घेण्याजोगी आहे : दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ते सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर काही न बोलता बसून राहतात. तेव्हा या उताऱ्यातून निघणारा बोध वेळापत्रकाचा नव्हे, तर आजाऱ्याच्या भेटीला जाणाऱ्यांसाठी आहे. काम सुटलेला किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस कडवट बोलू लागला, तर त्याला लगेच वचन ऐकवून गप्प करू नये. त्याचे म्हणणे पुरते ऐकावे आणि तेच म्हणणे त्याच्यासोबत प्रार्थनेत मांडावे.

ओळखीच्या अनुभवाचा उपयोग मोठा, तसा त्याचा मोहही मोठा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील, येशूने स्वतःला दिलेली द्राक्षवेलीची उपमा सोलापूरजवळच्या नान्नजच्या द्राक्षबागा पाहिलेल्या माणसाला चटकन समजते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी करून ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, नवी काडी येऊ देतात आणि ऑक्टोबरमधील फळ छाटणीनंतर त्या काडीवर घड धरतात. फळ हवे असेल त्यानेच वेलीला कात्री लावायची असते, हे शेतकऱ्याला पटवावे लागत नाही. पण म्हणून ‘पहिली छाटणी तारणाची, दुसरी पवित्रीकरणाची’ अशी जुळवाजुळव करू नये. दोन छाटण्या आपल्या हवामानाच्या आहेत, योहानाच्या नव्हेत. प्रत्येक संकटाला ‘देव तुमची छाटणी करत आहे’ असे म्हणण्याची सवय तर सोडूनच द्यावी. तिसऱ्या ओवीत येशू शिष्यांना सांगतो की मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही शुद्ध झालेले आहात; म्हणजे तेथे शुद्धी संकटाने नव्हे, वचनाने झालेली आहे. ही ओवी वाचल्यानंतर, दुःखात असलेल्याच्या हाती छाटणीचे वाक्य ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही.

आता प्रसंगाविषयी. प्रसंग लहान आणि नेमका असावा. ‘शेजारधर्म कमी झाला आहे’ हा प्रसंग नव्हे, ते मत आहे. ‘नळाला रात्री दोन वाजता पाणी आले, आपली पिंपे भरली, आणि समोरच्या आजींना कोणी उठवले नाही’ हा प्रसंग आहे. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात त्याचे गांभीर्य कोणालाही कळते. याला जोडायला लूकच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायातील, मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या मित्राचा दाखला लगेच आठवेल, कारण दोन्हीकडे रात्र आहे आणि शेजारी आहे. पण तो दाखला प्रार्थनेविषयी आहे, हे त्याच्या मागचा-पुढचा मजकूर स्पष्ट सांगतो. देखावा सारखा असणे म्हणजे विषय एक असणे नव्हे. येथे याकोबाच्या पत्रातील ४:१७ अधिक नीट बसते : चांगले काय ते कळत असून न करणे हे पाप आहे.

बोधाच्या शेवटी या आठवड्यात करता येईल अशी एकच कृती सांगावी. ‘आपण प्रेमाने वागू या’ ही कृती नव्हे. ‘पुढच्या वेळी पाणी आले की आजींना फोन करायचा, आणि तो कोणी करायचा’ ही कृती आहे. बोलणाऱ्याने ती आधी स्वतःच्या नावावर लिहावी.

दुसऱ्याचा अनुभव सांगायचा असेल तर त्याची परवानगी घ्यावी. नाव गाळून भागत नाही. मंडळी लहान असते आणि ‘एक बहीण’ म्हटले तरी तिसऱ्या बाकापर्यंत सर्वांना कळते.

प्रत्येक उताऱ्यातून कृती निघेलच असे नाही. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. ते वाचून, प्रार्थना करून उठले तरी चालते, ओढूनताणून धडा काढू नये. ज्या आठवड्यात कृती ठरली असेल, त्या आठवड्याची तारीख, उतारा आणि कृती वहीत एका ओळीत नोंदवावी, आणि पुढच्या प्रार्थनेला नवा उतारा उघडण्यापूर्वी ती ओळ मोठ्याने वाचून, ठरलेले झाले की नाही एवढे विचारावे.