पावसात उभी राहिलेली जुनी गाडी आणि ई-२० पेट्रोल

गणपतीच्या आधीचे आठ दिवस माझ्या गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नसते. गोव्यात, पुण्यात कामाला असलेली पोरं गावी येतात, जूनपासून गोठ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी बाहेर काढतात, पन्नास किका मारतात आणि शेवटी टेम्पोत घालून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आणतात. सगळ्यांचं म्हणणं एकच : "मिस्त्री, त्या इथेनॉलनं गाडी खाल्ली बघा."

माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ गाड्या पाण्यानं बसलेल्या असतात. इथेनॉलनं त्या पाण्याला टाकीत घर दिलेलं असतं, एवढाच त्याचा दोष. हे एकदा समजलं की निम्मी कामं घरीच होतात. कार्बोरेटरवाल्या, म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारं भांडं असलेल्या जुन्या दुचाकीचं काय करायचं ते सांगतो.

आधी थोडं पेट्रोलबद्दल. पंपावर आता मिळतं ते ई-२०, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल, उसासारख्या पिकांपासून काढलेलं अल्कोहोल. आपल्याकडे २०२२ च्या मध्यापर्यंत दहा टक्क्यांची मजल गाठली होती. ई-२० पहिल्यांदा पंपावर आलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्याची सुरुवात बेंगळूरलाच झाली. हे इथेनॉल कारखान्यातून निघतं तेव्हा ९९.५ टक्क्यांहून जास्त कोरडं असतं, आणि कोरडं म्हणूनच तहानलेलं. हवेतला ओलावा ते ओढून घेतं. थोडं पाणी पोटात घेऊन ते पेट्रोलमध्ये मिसळून राहतं, गाडीही चालते. पण मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गारठा पडला, की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून खाली बसतात. वर उरतं ते कमी ताकदीचं पेट्रोल. टाकीचा कॉक, म्हणजे पेट्रोलचा नळ, खालूनच ओढतो, म्हणजे इंजिनाला आधी काय मिळणार ते तुम्हीच बघा.

आता आमच्या तालुक्याचं पश्चिमेचं अंग डोळ्यांसमोर आणा. जांबोटी, कणकुंबी, आमगाव. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते ती काय उगीच नाही. तिथं जून ते सप्टेंबर भिंतीलाही घाम येतो. अशा हवेत अर्धी टाकी भरून गाडी तीन महिने उभी. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते. रात्री गार होते, ओली हवा आत येते. रोज एक श्वास.

पहिलं काम : बाटली

किक मारण्याआधी हे करा. गाडी उघड्यावर घ्या, जवळ चूल, विडी, काही नको. कॉक बंद करून कार्बोरेटरकडची पाइप काढा, तिचं टोक पारदर्शक काचेच्या बाटलीत सोडा आणि कॉक रिझर्व्हवर करा. रिझर्व्हवरच, कारण तो टाकीच्या तळातून ओढतो, मेनची नळी वर असते. पाव लिटर येऊ द्या. बाटली सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवा आणि चहा पिऊन या.

परत आलात की डोळे बाटलीच्या पातळीत आणून बघा. सगळं एकसारखं, आरपार दिसत असेल तर बरं. तळाला बोटभर वेगळा थर असेल, वर पेट्रोल आणि मध्ये स्वच्छ रेघ, तर तो पाणी-इथेनॉलचा थर. कधी तो गढूळ असतो, गंजलेल्या टाकीत चहासारखा तांबूस. तसं दिसलं तर टाकी पूर्ण रिकामी करा. अर्धवट नको, नवीन पेट्रोल वरून ओतून 'मिसळून जाईल' म्हणूनही नको. मिसळत नाही. काढलेलं विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका.

माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची शंभर सीसीची गाडी आली, सारखी बंद पडायची. मी कार्बोरेटर खोलून धुतला, गाडी चालू झाली, पैसे घेतले. चार दिवसांत परत. पुन्हा धुतला. तिसऱ्या वेळी तो काही बोलला नाही, नुसता स्टुलावर बसून राहिला, ते जास्त लागलं. तेव्हा कुठं मी टाकीचं झाकण उघडून बघितलं. आतलं रबरी पॅकिंग कडक होऊन एका बाजूला फाटलं होतं. प्रत्येक पावसात टाकीत सरळ पाणी जात होतं, आणि मी कार्बोरेटर धूत बसलो होतो. त्या दिवसापासून झाकण आधी, बाकी सगळं नंतर.

वाटी, जेट, फिल्टर

कार्बोरेटरची खालची वाटी म्हणजे फ्लोट चेंबर. तिला ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून साचलेलं काढा. तीन महिने उभ्या गाडीत तळाला पिवळट चिकट काहीतरी सापडतं, डिंकासारखं. तसं असेल तर वाटी उघडावीच लागते. जेट म्हणजे पेट्रोल मापात सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. त्याच्या भोकात सुई-तार घालू नका, भोक मोठं झालं की मायलेज गेलं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरे.

इथेनॉलची आणखी एक खोड म्हणजे ते साफसफाई करतं. दहा-पंधरा वर्षांच्या टाकीत आतून जो थर धरलेला असतो, तो सोडवून खाली पाठवतं. म्हणून टाकी रिकामी करून नव्यानं भरलीत की लाइनमधला फिल्टर बदला आणि पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा बदला. दुसऱ्यांदा बदलायचा लोकांना कंटाळा येतो, आणि तेच माझ्याकडे परत येतात.

रबर

इथं इथेनॉलला दोष द्यायला माझी हरकत नाही. ई-२० च्या चाचण्या पुण्याची वाहन संशोधन संस्था एआरएआय, डेहराडूनची पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑइलचं संशोधन केंद्र यांनी आधीच केल्या होत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात त्याचा निष्कर्ष आहे : धातूला आणि धातूवरच्या मुलाम्याला त्रास नाही, पण रबराचे भाग साध्या पेट्रोलपेक्षा ई-२० मध्ये कमी टिकतात, आणि एका जातीच्या नायलॉनची ताकदही कमी होते. माझ्या टेबलावर मला रोज हेच दिसतं. जुन्या गाडीची वाटीची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, काढली की ती खाचेत परत बसत नाही, पावसात फुगलेल्या दारासारखी. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई म्हणजे पिन व्हॉल्व्ह, तिच्या टोकाचं रबर फुगलं की गाडी ओव्हरफ्लो होते, नाहीतर पेट्रोलच अडतं.

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचं साहित्य ई-२० ला चालेल असंच दिलेलं आहे. त्याआधीच्या गाडीला हे एकदाच बदला : पेट्रोलची पाइप, वाटीची ओ-रिंग, पिन व्हॉल्व्ह, कॉकचं वॉशर, झाकणाचं पॅकिंग. दुकानात 'ई-२० चालणारं द्या' असं तोंडानं मागा, व्हिटॉन रबराचं मिळालं तर उत्तम. पाइप जुनी झाली का ते ओळखायला ती बोटानं दुमडा. भेगा दिसल्या किंवा बोटाला काळं चिकटलं, तर ती संपली. आणि बाटलीतून विकतात ती 'इथेनॉल मारक' औषधं घेऊ नका. खाली बसलेलं पाणी कुठलंही औषध परत वर आणत नाही.

जेट आणि हवा

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. म्हणजे जुन्या सेटिंगवर इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. सकाळी चोक ओढूनही गाडी खोकते, रेस सोडली की बंद पडते, डिसेंबरच्या थंडीत तर जास्तच. इंजिन चांगलं तापवा, मग आयडलिंगचा हवा-पेट्रोल मिश्रणाचा स्क्रू हळूच पूर्ण आवळा, जोर नको, आणि दीड फेरा उघडा. तिथून पाव-पाव फेरा फिरवत आवाज सगळ्यात सरळ कुठं लागतो ते ऐका. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर उघडल्यावर पेट्रोल वाढतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उलटं, आवळल्यावर वाढतं. इथंच नवी पोरं चुकतात.

मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. नंदगडला जाऊन या. परत आल्यावर प्लग काढून बघा. टोक बिस्किटाच्या रंगाचं हवं. पांढरं फटक असेल तर अजून पेट्रोल कमी आहे, तेव्हा मेन जेट एकच पायरी मोठा घाला. जेटवर नंबर कोरलेला असतो. काळं काजळ असेल तर उलट दिशेला गेलात.

इंजेक्शनवाल्या गाडीला यातलं काही लागत नाही, सेन्सर बघून घेतो. पण तिचा पंप टाकीत बुडालेला असतो, त्यामुळे पाण्याची शंका आली तर घरी खोलू नका.

मायलेजचं भांडण

"आमच्याच उसाचं पाणी आमच्याच गाडीत घालतात गा, आणि पैसे पेट्रोलचे घेतात!" असं एक ऊसवाले तात्या माझ्याकडे दर हंगामाला म्हणतात. पाणी नसतं ते, पण त्यांच्या रागात अर्थ आहे. एक टन उसाच्या रसातून सरळ इथेनॉल केलं तर सत्तर लिटरच्या आसपास निघतं. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीतून करायचं तर त्याच टनातून दहा-अकरा लिटर. आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच. दुचाकीचं मायलेज तीन-चार टक्के कमी पडेल असा अंदाज नीती आयोगाच्या आराखड्यातच होता. त्याच आराखड्यात हे पेट्रोल साध्यापेक्षा स्वस्त असावं, अशी शिफारसही होती. ती कुठं गेली ते तात्यांना मला सांगता येत नाही.

पण तीन-चार टक्के म्हणजे साठ देणारी गाडी अठ्ठावन्न. कुणी 'पंचेचाळीसवर आली' म्हणाला की मी आधी ब्रेक बघतो. मागचं चाक हातानं फिरवलं तर फिरायला हवं. मग टायरची हवा, मग एअर फिल्टर. मायलेज काढायचं तर टाकी गळ्यापर्यंत भरा, दोनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर तितकीच भरा आणि भागाकार करा. रिझर्व्हच्या अंदाजावर बोलू नका. गोव्यातून चोर्ला घाटानं येणारे तिकडूनच टाकी भरून येतात आणि 'गोव्याचं पेट्रोल चांगलं' म्हणतात. दर कमी असतो हे खरं. इथेनॉल तिकडंही आहेच.

शंका फारच असेल तर स्वतः मोजा. शंभर मिलीची झाकणवाली काचेची मोजनळी घ्या. ऐंशी मिली पेट्रोल, वर वीस मिली पाणी. झाकण लावून हलवा, मध्ये एकदा झाकण सैल करून वाफ सोडा, पंधरा मिनिटं उभं ठेवा. इथेनॉल पाण्याकडं पळतं, त्यामुळे वीसवर असायला हवा तो खालचा थर पस्तीसच्या आसपास चढतो. ऐंशीचे वीस टक्के म्हणजे सोळा, थोडं इकडंतिकडं. खूपच वर गेला तर पंपावर जाऊन घनता तपासायला सांगा, तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. नळीतलं पेट्रोल परत टाकीत नको.

बेळगाव शहरात रोज वीस-तीस किलोमीटर फिरणाऱ्याला मी आता बॅटरीचीच गाडी घ्या म्हणतो, माझा धंदा बुडाला तरी. कणकुंबीकडं पावसात लाइट दोन-दोन दिवस जाते, तिथं अजून म्हणत नाही.

पुढच्या जूनला

गाडी ठेवायचीच असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, हवेला जागाच नको. रिकामी ठेवलीत तर आतून गंजेल. कॉक बंद करा, वाटीतलं पेट्रोल ड्रेन करा. झाकणाच्या पॅकिंगवर बोट फिरवून बघा. ताडपत्री टाकीला चिकटून बांधू नका, खालून वारा लागू दे. घरात कुणी असेल तर दहा दिवसांतून एकदा चालू करून गावाबाहेर फिरवून आणायला सांगा. कुणी नसेल तर बॅटरीची एक वायर काढून ठेवा. उंदीर बाकीच्या वायरी खातात, त्याच्यावर मला अजून इलाज सापडलेला नाही.