पावसात बाईक स्टार्ट होत नाहीये? आधी हे बघा

रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी हमखास रुसते, तेव्हा किका मारून दमण्याआधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा, खरंच बघा, जाता येता कोणाचा तरी हात लागून तो बंद झालेला असतो. पेट्रोल कॉक रिझर्व्हला घ्या.

मग स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा. कॅप ओढून काढा, आत पाण्याचा थेंब असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि प्लग खोलून टोक बघा. टोक ओलं आणि पेट्रोलचा वास येतोय म्हणजे ओव्हरफ्लो झालंय (इंजिनात पेट्रोल जास्त गेलंय), चोक बंद करा, प्लग वाळवून लावा. अगदी कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये, मग कार्बोरेटरखालचा (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाखालचा) ड्रेन स्क्रू ढिला करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी शिरलं असेल तर ते तळाशी वेगळं बसलेलं स्पष्ट दिसतं. हे करताना जवळ विडी काडी अजिबात नको हां!

सेल्फचं बटण दाबल्यावर नुसतं टकटक म्हणजे बहुतेक बॅटरी. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली असेल तर चार्जिंगला द्या, तोवर किक.

बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची), कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली गाडी असेल आणि इंजिनचा लाइट विझत नसेल तर उगाच खोलत बसू नका, स्कॅनरवाल्याकडेच न्या.