व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला निघालेल्या ठाणेकरांनो, या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती तारखांची चूक. कासच्या सवयीने बरेच जण ‘गणपती झाले की जाऊ’ म्हणतात. कास सप्टेंबरात फुलतं. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातल्या या राष्ट्रीय उद्यानाचं वेळापत्रक वेगळं आहे. ते १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण खरा बहर मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. जूनमध्ये वाटेवर बर्फ असतो, सप्टेंबरात बरीचशी फुलं बी धरू लागतात. फुलं बघायची असतील तर पाऊस अंगावर घ्यावाच लागतो.

पाऊस म्हटला की दरडी आल्या. ऋषिकेशहून ट्रेकच्या पायथ्याच्या गोविंदघाटपर्यंतचा रस्ता कधी तासभर तर कधी अख्खा दिवस अडतो. १५ ऑगस्टला जोडून रजा काढायची आणि परतीचं विमान ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं घ्यायचं, हे करूच नका. हाताशी दोन दिवस मोकळे ठेवा. देहरादूनला उतरल्या दिवशीच गोविंदघाट गाठायचा हट्टही नको. पीपलकोटी किंवा जोशीमठला मुक्काम करा. शरीरालाही त्याची गरज असते. आपण समुद्रसपाटीवरची माणसं. कळसूबाई १६४६ मीटर, आणि मुक्कामाचं घांगरिया गाव ३००० मीटरच्या वर.

घांगरियाला गाडी जात नाही. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप मिळते, पुढे नऊ-दहा किलोमीटर चढ चालायचा किंवा खेचर करायचं. ‘आम्ही दर रविवारी उपवनला चालतो’ एवढ्यावर विसंबू नका. तलावाभोवतीची वाट सपाट आहे. दोन महिने आधीपासून पाठीवर सॅक घेऊन येऊरचा चढ चढा, नवी मुंबईकरांनी खारघरची टेकडी गाठावी. बूट त्याच सरावात वापरून मऊ करून घ्या. कोरे बूट तिथे पहिल्याच दिवशी टाचा सोलतात.

उद्यानात तंबू लावता येत नाही, रात्री राहता येत नाही. दुपारनंतर आत सोडत नाहीत, त्यामुळे उशिरा उठून निवांत निघालात तर दिवस वाया गेलाच. गेट उघडायच्या वेळेला तिथे हजर राहा.

घांगरियाच्या वर असलेल्या हेमकुंड साहिब या शिखांच्या तीर्थस्थानाबद्दल थोडं सविस्तर सांगते. घांगरियाला पोहोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी लोक थेट तिकडे निघतात. हेमकुंड ४००० मीटरच्या वर आहे, एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढ होतो. आधी व्हॅली, मग हेमकुंड असा क्रम ठेवा. ब्रह्मकमळही याच हेमकुंडच्या वाटेवर दिसतं, व्हॅलीत शोधून निराश होऊ नका. आणि ते तोडू नका.

चढताना डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर पुढे चढू नका. गोळी घेऊन रेटणं धोक्याचं आहे. त्रास वाढत असेल तर लगेच खाली उतरा. बीपी किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी ठाण्यातच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

छत्री नको, पोंचो घ्या. रोख पैसे पुरेसे ठेवा.