बूट सेलला जुनी हत्यारं घ्यायची तर

इंग्लंडात घर भाड्याने घेतलं की लवकरच कळतं, इथे वस्तू स्वस्त आणि माणसाचा हात महाग. घासणारं दार तासायला सुतार बोलवा, कामापेक्षा त्याच्या येण्याचेच पैसे जास्त होतात आणि वेळ मिळते ती पंधरवड्यानंतरची. पुण्यात वॉचमनला सांगितलं की संध्याकाळपर्यंत कोणीतरी येऊन जातं. इथे ते काम आपणच करायचं. म्हणजे हत्यारं हवीत. नवीन आलेली मंडळी मग मोठ्या दुकानातून प्लॅस्टिकच्या पेटीतला शंभर नगांचा सेट उचलून आणतात. तो आणू नका. उन्हाळ्यातला एखादा रविवार मोकळा ठेवा आणि बूट सेलला जा. इथला बूट म्हणजे पायातला नव्हे, गाडीची डिकी.

शेतात, रेसकोर्सवर किंवा शाळेच्या मैदानात लोक गाड्या लावतात आणि डिकीतलं सामान घडीच्या टेबलावर मांडतात. बहुतेक ठिकाणी हा हंगाम ईस्टरच्या सुमारास सुरू होतो आणि पावसाळी थंडी पडली की आटोपतो. पश्चिम लंडनमध्ये असाल तर चिझिकला शाळेच्या आवारात महिन्याच्या पहिल्या रविवारी सेल भरतो, फक्त जानेवारी सोडून. पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडलेल्यांचे डोळे इथे आपोआप कामाला लागतील. पण सगळी टेबलं सारखी नसतात. हत्यारं नीट पुसून ओळीने मांडलेली दिसली की तो व्यापारी समजा; त्याला भाव माहीत असतात. आपण शोधायचं ते चहाचे कप, बाहुल्या आणि जुन्या कॅसेटींच्या शेजारचं टेबल. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असतं, मुलं त्याची शेड रिकामी करत असतात, आणि टेबलाखाली एक गंजका डबा पडलेला असतो. काही दिसलं नाही तरी ‘एनी ओल्ड टूल्स?’ विचारा. गाडीत अजून एक डबा निघतो.

त्या डब्यात नाव वाचायचं. ‘शेफील्ड’ हे पहिलं. पटाशीवर मार्पल्स, करवतीवर स्पिअर अँड जॅक्सन, लोखंडी रंध्यावर रेकॉर्ड किंवा स्टॅन्ली आणि खाली ‘मेड इन इंग्लंड’ असलं तर वस्तू हातात घेण्यासारखी आहे. जुन्या पटाशीचं पोलाद धार धरतं; सेटमधली स्वस्त पटाशी एका दारात बोथट होते. रंधा घ्यायचा तर चार नंबरचा घ्या. साडेनऊ इंच लांब, पातं दोन इंची, घरच्या बहुतेक कामाला पुरतो. पटाशी पाउंड-दोन पाउंडांत, रंधा दहा-पंधरात मिळायला हरकत नाही. थोडं इकडेतिकडे होणारच.

आता गंजाचं. आपल्याकडची माणसं गंज दिसला की वस्तू खाली ठेवतात. वरवरचा तांबूस गंज पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून तारेच्या काथ्याने घासला की निघतो. मग धुऊन, लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा. घाबरायचं ते तड्याला. रंध्याचं अंग ओतीव लोखंडाचं असतं, पडला की तडकतो. पातं बाहेर येतं त्या फटीच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि बाजूच्या भिंतींवर नखाने चाचपून बघा. तिथे केसाएवढी रेघ लागली तर फुकटही नको. पटाशीची मागची सपाट बाजू धारेजवळ खड्ड्याखड्ड्यांची झाली असेल तर ती निसण्यावर घासता घासता तुमचे हात दुखतील, पातं सरळ होणार नाही. करवत मुठीकडून डोळ्यासमोर धरून लांबवर बघा, पाठ वाकडी दिसली की सोडा. जिच्या दातांची टोकं काळीनिळी असतात ती नव्या पद्धतीची, त्या दातांना कानशीने पुन्हा धार लावता येत नाही. स्पिरिट लेव्हल टेबलावर ठेवून बुडबुडा बघा, मग उलटसुलट टोकं फिरवून पुन्हा त्याच जागी ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी यायला हवा.

पाने मात्र जपून घ्या. किंग डिक किंवा ब्रिटूलचा जाडजूड पाना दिसतो झकास, पण त्यावर आकड्यापुढे डब्ल्यू असेल तर तो व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचा. तो आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही. अर्ध्या इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड तब्बल 23 मिलिमीटरच्या पुढे उघडतं. ‘एएफ’ लिहिलेल्यावर आकडा तोंडाचाच असतो, म्हणून तो अर्ध्या इंची पाना 12.7 मिलिमीटरचा. तुमच्या सायकलीला आणि घरी आणून जोडायच्या फर्निचरला यातलं एकही नको, तिथे मिलिमीटरचेच पाने लागतात. पक्कड तर भारतातून येताना आणलीत तरी चालेल. नाशिकच्या टपारियाला इथलं पाहून लाजायचं कारण नाही.

विजेची हत्यारं बूट सेलला घेऊ नका. केबल कुठे उसवली आहे ते कळत नाही, आणि दुसरं कारण जास्त मोठं. इथे कामगारांच्या व्हॅन फोडून हत्यारं चोरायचं प्रमाण मोठं आहे. नवाकोरा ड्रिल निम्म्याहून कमी किमतीत आणि त्यावरचं नाव खरवडलेलं दिसलं तर पुढे चला. चोरीचा माल आहे हे माहीत असून तो विकत घेणं हा इथे गुन्हा आहे, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने पोलिसांच्या वहीत नाव येऊ देऊ नये.

पटाशी, करवत घेतलीत तर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा आणि सरळ घरी या. सबळ कारणाशिवाय धारेची वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगणं 1988 च्या कायद्याने बेकायदा आहे. नुकतीच विकत घेऊन घरी नेतोय हे कारण चालतं; तीच पटाशी बॅगेत आठवडाभर ऑफिसला नेलीत तर चालणार नाही.

भाव करा, पण जुन्या बाजारातल्यासारखं एक तृतीयांशापासून सुरू करू नका. पाच सांगितले तर तीन विचारा, दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन ‘सगळ्याचे दहा?’ म्हणा. सुटे पैसे न्या, वीसची नोट काढून पाउंडभराची घासाघीस शोभत नाही. व्यापारी पहाटे बॅटरी घेऊन येतात, म्हणून चांगल्या पटाश्या हव्या असतील तर लवकर जा. लवकर शिरायला प्रवेशफी बहुधा जास्त पडते. वाइससारखी (लाकूड किंवा लोखंड घट्ट पकडायचा शिकंजा) जड वस्तू मात्र अकरानंतर बघा. ती परत गाडीत चढवायची कोणालाच हौस नसते.

भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्याआधी घरमालकाला ईमेलवर विचारा, तोंडी नको. आणि गावाकडे कोणी सुतारकाम करत असेल, त्याच्यासाठी रंधा न्यायचा असेल, तर तो चेक-इनच्या बॅगेत घाला. पातं काढून वेगळं गुंडाळा आणि बॅग भरायच्या आधी वजन करा, एक चार नंबरचा रंधा पावणेदोन किलोच्या आसपास भरतो.